नाहूरच्या शिवेवरचा दगड

लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाल्यावर माझ्या पत्नीने पहिल्यांदा बूट विकत घेतले. करड्या रंगाचे, जाड तळव्याचे, नाडीऐवजी चिकटपट्टी असलेले. बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसून तिने ते पायांत घातले, दारापर्यंत जाऊन परत आली आणि हलके आहेत म्हणाली. कुठे जायचे आहे, असे मी विचारले. रविवारी सकाळी भांडुपला, फेरीला, असे उत्तर मिळाले. ती फेरी माझी नव्हती.

माझीही एक फेरी होती. तिच्याविषयी आधी सांगणे भाग आहे.

मी जमीन मोजणीच्या सरकारी खात्यात नोकरी केली. नोकरीचा बराच काळ उपनगरांतल्या जुन्या गावांच्या हद्दी मोजण्यात गेला : कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड. लोकांच्या लेखी आता ही रेल्वे स्थानके आहेत. कागदावर मात्र ती अजून गावे आहेत, त्यांना शिवा आहेत, आणि आपली इमारत कोणत्या गावात उभी आहे हे तिच्यात राहणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. निवृत्तीनंतर ते त्यांना सांगावे असे मला वाटले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भांडुप स्थानकाच्या पूर्वेकडच्या तिकीट खिडकीपासून मी लोकांना पायी नेऊ लागलो. मुलुंडच्या आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर मी स्वतःच्या अक्षरात सूचना लावत असे. सात म्हणजे सात. चालताना आपापसांत बोलू नये. प्रश्न मध्येच विचारू नयेत. चिठ्ठीवर लिहून शेवटी द्यावेत, उत्तरे क्रमाने दिली जातील.

पाच माणसे येत, कधी आठ. एकदा अकरा आली होती. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सलग सहा वर्षे आले. तीच माहिती, त्याच जागी, त्याच शब्दांत ते ऐकत. मला त्यात वावगे काही वाटले नाही. माहिती बदलली नसेल तर शब्द बदलण्याचे कारण नव्हते.

फेरी गावठाणातून निघे, मिठागराच्या जुन्या बांधाकडे जाई आणि नाल्यावरच्या दगडी मोरीवरून पलीकडे उतरून एका दगडापाशी संपे. दगड काळा होता, बहुतेक जमिनीत गाडलेला, जेमतेम वीतभर वर. शेजारी एका गृहनिर्माण संस्थेची कुंपणभिंत. दगडाच्या माथ्यावर एक सरळ खाच होती. आमच्या खात्याच्या शिवेच्या दगडांवर माथ्याला छिन्नीने रेघ पाडलेली असते. शीव कोणत्या दिशेने जाते ते त्या रेघेवरून कळते. मी काठीचे टोक खाचेवर धरत असे आणि सांगत असे, की भांडुप इथे संपते आणि नाहूर इथे सुरू होते. मग मी लोकांना दगडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा पाय ठेवून उभे राहायला सांगे. माझ्या फेरीत लोक हसत ते फक्त इथे. तेवढी सवलत मी ठेवली होती.

त्या दगडावर मी वाचनालयाच्या स्मरणिकेत एक लेखही लिहिला. दोन पानांचा होता.

पत्नी माझ्या पहिल्या फेरीला आली होती. नंतर आली नाही. तिचे माहेर भांडुपचेच. तिचे वडील कोकणातून आले, आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात लागले आणि गावठाणाला लागून असलेल्या चाळीत राहिले. चाळ केव्हाच पाडली गेली. तिने ते सगळे पाहिलेलेच असल्यामुळे ती येत नसावी, अशी मी समजूत करून घेतली. तिला विचारले नाही.

असे बरीच वर्षे चालले. मग ती मुलगी आली.

मुलगी म्हणतो, पण तिशीची असेल. वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेली, मुलुंडलाच राहणारी. तिने त्याच भागात, त्याच मोरीवरून, महिन्याच्या त्याच रविवारी फेरी सुरू केली. सूचना फळ्यावर नव्हती, फोनवर होती. तिच्या कॉलरला छोटा माइक असे आणि आलेल्या प्रत्येकाच्या कानात एक यंत्र, त्यामुळे मागच्या टोकाच्या माणसालाही तिचा शब्द ऐकू जाई. मी एकदा रस्त्याच्या पलीकडून मोजले. त्रेचाळीस माणसे होती. तरुण होती, म्हातारी होती, एकीने तर कडेवर मूल घेतले होते. ती चालताना बोलत होती, माणसे मध्येच प्रश्न विचारत होती आणि ती मध्येच उत्तरे देत होती. शिस्त अशी नव्हतीच. शेवटी सगळे स्थानकाजवळच्या गाडीवर वडापाव खात उभे राहिले.

माझ्याकडे त्या दिवशी तिघे होते. पुढच्या महिन्यात दोघे. बँकेचे गृहस्थ खुब्याच्या दुखण्याने घरी बसले असे मला कळले होते. नंतर ते मला तिच्या फेरीत काठी टेकत चालताना दिसले. त्यांनी हात हलवला. मी घड्याळ पाहिले.

एका रविवारी कोणीच आले नाही. मी सात वाजून दहा मिनिटांपर्यंत तिकीट खिडकीपाशी थांबलो. मग एकटाच निघालो. ठरलेल्या प्रत्येक जागी ठरलेला वेळ उभा राहिलो, दगडापाशी पाच मिनिटे. बोललो नाही. एवढे भान शिल्लक होते. घरी आल्यावर पत्नीने किती जण होते असे विचारले, तेव्हा नेहमीपेक्षा कमी, असे मी सांगितले.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिने बूट घेतले.

शेजारच्या सुनेने तिचे नाव फोनवरून नोंदवले होते. पहिल्या रविवारी ती सहा वाजता निघाली आणि अकराला परतली. आमच्याकडे रविवारी अकराला कुकर झालेला असतो. ती पाय स्टुलावर ठेवून बसली आणि बोलू लागली. मुलीने गावठाणात थांबून, इथे लहानपणी कोणी राहिले आहे का, असे विचारले होते. पत्नीने हात वर केला. मग मुलीने माइक आपल्या कॉलरचा काढून हिच्या पदराला लावला आणि चाळ कुठे होती ते दाखवा म्हणाली. हिने दाखवली. "चाळीस माणसं माझ्या मागून चालत होती," असे तिने मला दोनदा सांगितले.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी नवे काहीतरी घेऊन येई, आणि ते नवे माझ्यासाठी असे, तिच्यासाठी नव्हे. तिचे वडील मिठागरावरून फडक्यात बांधून खडेमीठ आणत. गावठाणातली एक म्हातारी हिला सुके बोंबील देई आणि आईला सांगू नको म्हणे. मोरीवर एका कुत्र्याने हिचा पाय धरला होता. हिच्या पोटरीवर एक पांढरा वण आहे. सेहेचाळीस वर्षे तो मी भाजल्याचा समजत होतो. तो कुत्र्याचा आहे हे चाळीस परक्या माणसांना माझ्या आधी कळले.

मला हेवा वाटला. दुसरा सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. माणसे तिच्याकडे गेली याचा हेवा होताच; तो मी वर्षभर पचवत आणला होता. पण माझ्याच घरातले माणूस घरात न बोललेले तिथे जाऊन बोलते, याने मला झोपेतून उठून पाणी प्यावे लागू लागले.

मी एक काम सुरू केले. पत्नी फेरीत ऐकलेले सांगे, त्यातल्या चुका मी डायरीत उतरवू लागलो. मुलीने मिठागराचा बांध दुसऱ्याच काळातला सांगितला. मोरीच्या कमानीला तिने पूल म्हटले. नाल्याचा उगम चुकवला. तीन महिन्यांत तीन चुका जमल्या. ही संख्या फार नव्हती, हे मला दिसत होते. तरी डायरी मी उशाजवळ ठेवत असे.

मग एका दुपारी ती मुलगी स्वतःच घरी आली. पत्नीने बोलावले होते. मला काका म्हणाली, वाकून नमस्कार केला, आणि जरा वेळाने कामाचे बोलली. माझ्याकडे भांडुप आणि नाहूरच्या जुन्या नकाशाची आणि टिपणाची प्रत आहे असे तिला काकूंकडून समजले होते. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवरच काढलेले रेखाटन. त्यात दगडांमधली अंतरे लिहिलेली असतात. ती प्रत आठवडाभर मिळेल का, जपून वापरीन, असे तिने विचारले.

मी म्हणालो, "ते कागद खात्याचे आहेत. बाहेर देता येत नाहीत."

ते कागद खात्याचे नव्हते. रीतसर अर्ज करून मिळवलेली ती माझी स्वतःची प्रत होती आणि ती तिच्या खुर्चीमागच्या कपाटावर प्लास्टिकच्या नळीत उभी होती. पत्नीला हे ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि चहाची भांडी उचलून आत गेली. आत ती भांडी बराच वेळ वाजत राहिली.

"काही हरकत नाही काका," मुलगी म्हणाली. "तुमचा स्मरणिकेतला लेख आहे ना, त्याच्यावरच मी दगडाचं सगळं सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते."

मी मान हलवली. माझा विश्वास बसला नाही. फुकट मिळालेली माहिती माणसे नाव घेऊन सांगत नाहीत, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. ती गेल्यावर पत्नी बाहेर आली. ती फक्त एवढे म्हणाली, "नळी दिसत होती तिला. समोरच्या आरशात." आमच्याकडे कपाटासमोर आरसा आहे. मी तो विसरलो होतो.

पुढच्या पहिल्या रविवारी मीही येतो, असे मी पत्नीला सांगितले. तिने आश्चर्य दाखवले नाही. नळी मी बगलेत घेतली आणि खिशात तीस मीटरची टेप घातली. माझा बेत साधा होता. मुलगी एकदा तरी चुकेल, सर्वांसमोर चुकेल, आणि मी सर्वांसमोर नकाशा उघडेन. सर्वांमध्ये पत्नी असेल. बाकीच्यांचे मला फारसे काही नव्हते.

मला कानात घालायचे यंत्र दिले गेले. मुलीने माझ्याकडे पाहून हात जोडले आणि आज काका आले आहेत, आता मला घाम फुटणार, असे म्हणाली. लोक हसले. मी हसलो नाही. पत्नी पुढे तिच्या बरोबरीने चालत होती, करड्या बुटांत, माझ्या ओळखीच्या चालीपेक्षा भरभर. मी मागे राहिलो. यंत्रातून मुलीचा श्वासही ऐकू येत होता. ती चांगले बोलत होती. हे मी त्या वेळी मान्य केले नव्हते. मिठागराच्या बांधापाशी तिने आधीची चूक सुधारून सांगितली, त्यामुळे डायरीतली एक नोंद वाया गेली. मोरीला मात्र ती अजून पूलच म्हणत होती. तेवढ्यासाठी नळी उघडणे मला हलके वाटले.

आम्ही दगडापाशी पोहोचलो. मुलगी दगडाच्या पलीकडे उभी राहिली आणि सर्वांना अर्धवर्तुळात घेतले.

"हा दगड म्हणजे दोन गावांची शीव," ती म्हणाली. "इकडे भांडुप, आणि तिकडे नाहूर."

तिकडे म्हणताना तिचा हात खाडीच्या दिशेने गेला. नाहूर उत्तरेला आहे. मी हात वर केला आणि थांबलो नाही. नाहूर तिकडे नाही, उत्तरेला आहे, दिशा न पाहता शीव सांगू नये, असे मी म्हणालो. आवाज ठेवायचा त्यापेक्षा मोठा निघाला. ती लगेच सॉरी म्हणाली, हात वळवला आणि पुढे बोलू पाहत होती. पण माझी नळी उघडली होती. तोंडी सांगण्यावर शीव ठरत नसते, ती मोजून ठरते, असे मी म्हणालो. टिपण मी मोरीच्या कठड्यावर पसरले. त्यात मोरीच्या कोपऱ्यापासून शिवेच्या दगडापर्यंतचे अंतर स्वच्छ लिहिले होते. ते मी मोठ्याने वाचून दाखवले. मग टेप काढली आणि एक टोक धरायला पत्नीला बोलावले. तिने सगळ्यांच्या पुढे यावे असे मला वाटत होते, आणि यावे ते माझ्या कामासाठी.

ती आली. टोक मोरीच्या कोपऱ्यावर धरून बसली. मी टेप सोडत दगडाकडे निघालो. चाळीस माणसे बाजूला झाली. नोकरीत मी हजारो वेळा असा चाललो असेन, पण इतके लोक बघायला कधी नव्हते.

टिपणातले अंतर एका वाण्याच्या दुकानाच्या पायरीपाशी संपले. दगड तिथून पुढे होता. मी पावले मोजली. पस्तीस भरली.

मी परत गेलो, टोक तपासले, आकडा पुन्हा वाचला, पुन्हा मोजले. पुन्हा पायरी.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो दगड मी त्यापूर्वी कधीही मोजला नव्हता. कामावर असताना न मोजता मी कोणताही दगड मान्य केला नसता. हाताखालच्या माणसाला त्याबद्दल मी कारणे दाखवायला लावली असती. पण हा मला निवृत्तीनंतर भेटला. फेरीच्या शेवटी नेमका हवा तिथे होता, माथ्यावर खाच होती, आणि मला तो हवा होता. टिपण नळीत असायचे. नळी घरी असायची.

लोकांत कुजबुज सुरू झाली. पुढे उभा असलेला एक जण हसत म्हणाला, "म्हणजे मॅडम, इतके महिने आपण उगाचच एक पाय नाहूरमध्ये ठेवत होतो का?"

पाय ठेवण्याचा प्रकारही तिने माझ्या लेखातूनच घेतला होता, हे मला तेव्हा कळले. सगळे तिच्याकडे पाहत होते. हे काकांच्या लेखात आहे, एवढे ती म्हणाली असती तर पुरे होते. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो ना, माझंच चुकलं असेल. घरी जाऊन बघते परत."

मी बोलायला हवे होते. टेप गुंडाळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला मिळाला होता. मी टेप गुंडाळली.

मोरीपासून पत्नी उठून आली. ती माझ्याजवळून गेली, दगडाजवळ उभी राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "तिचं काही चुकलेलं नाही. हा आमच्या विहिरीचा दगड आहे."

मग तिने सांगितले. तिच्या पदराला माइक नव्हता, पण सगळे इतके गप्प होते की लागला नाही. कुंपणभिंतीच्या आत जिथे गाड्या उभ्या आहेत तिथे चाळीची विहीर होती; पाण्याला नाला ओलांडून यावे लागे. तिला रहाट नव्हता. काठावर हा दगड होता आणि दोर त्याच्यावरून सरळ ओढायचा असे. चाळीतल्या सगळ्या बायका ओढत, शाळेतून आल्यावर ही ओढे. खाच त्या दोराने पडली आहे. विहीर बुजवली तेव्हा दगड बाहेर लोटून दिला, तो तिथेच रुतला.

मी वाकलो. गुडघे मोडून जमिनीवर बसावे लागले. बोट खाचेत घातले. छिन्नीने पाडलेल्या रेघेला कडा असतात. त्या बोटाला लागतात, किती वर्षे गेली तरी लागतात. ही खाच आतून गुळगुळीत होती, भांड्याच्या काठासारखी. इतकी वर्षे मी तिच्यावर काठी टेकवत आलो होतो. बोट कधी लावले नव्हते.

तिथे बसलेला असताना मला पहिली फेरी आठवली. याच जागी पत्नीने, "अहो, हा तर" एवढेच शब्द उच्चारले होते. मी तिच्याकडे न पाहता हात वर करून, प्रश्न शेवटी, असे म्हटले होते. शेवटी सर्वांनी चिठ्ठ्या दिल्या. तिने दिली नव्हती. तिच्याकडे पेन नसावे, असे मला वाटले होते.

नंतर लोक वडापावच्या गाडीकडे गेले. मी थोडा दूर उभा होतो. मुलगी कागदात वडा घेऊन माझ्याकडे आली. तो घेणे मला कठीण गेले, पण मी घेतला. तुला आधी माहीत होते का, असे मी विचारले. तिने खाली पाहिले.

"काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण म्हणाल्या, फेरीत बोलू नकोस गं. तो दगड ह्यांचा आहे."

तो वडा मी पूर्ण खाल्ला. काय चव होती ते सांगता येणार नाही.

घरी येताना रिक्षात नकाशाची नळी दोघांच्या मध्ये होती. दर महिन्याला मुलगी त्या दगडापाशी माझे नाव आणि हुद्दा सांगते, मग लेखातल्या चार ओळी वाचते, एवढे पत्नीने घराचे कुलूप उघडताना सांगितले. आजही ती तेच वाचणार होती. कागद तिच्या हातात होता. मी मध्ये बोललो नसतो तर मला ऐकायला मिळाले असते.

दुसऱ्या दिवशी मी नळी मुलीकडे पाठवली. बरोबर चिठ्ठी नव्हती. यात मोठेपणा काही नाही. चुकीच्या दगडावर दोन पाने लिहिणाऱ्याने ते टिपण जवळ ठेवू नये, एवढाच माझा विचार होता. वाचनालयाच्या फळ्यावरची माझी सूचनाही मी काढून घेतली. टाचण्या परत दिल्या.

हेवा मात्र गेला नाही. उलट आता त्याला नेमकी जागा मिळाली होती. विहीर माझ्या घरात होती, माझ्यासमोर बसून रोज भाजी निवडत होती, आणि तिचा पत्ता मुलीला पहिल्याच सकाळी मिळाला. कारण तिने विचारले. मला विचारायचे होते, पण तोंडाने विचारण्याची सवय उरली नव्हती. तीन-चार दिवस गेले. मग मी जुन्या सवयीप्रमाणे एक चिठ्ठी लिहिली. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती हातांवर असे? खाली नाव लिहिले नाही. ती पत्नीच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली.

दुपारी तिने डबी उचलली, चिठ्ठी पाहिली, चष्मा लावून वाचली आणि घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मी वर्तमानपत्र धरून होतो.

"प्रश्न शेवटी," ती म्हणाली आणि गवारीच्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.

त्या मी निवडल्या. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही, त्या आठवड्यातही नाही. मी पुन्हा विचारले नाही, तिनेही विषय काढला नाही. पुढच्या पहिल्या रविवारी ती बूट घालू लागली तेव्हा मी चपला घातल्या.

दगडापाशी मुलीने माइक काढून पत्नीच्या पदराला लावला. आता तिथे तिचे दहा मिनिटांचे बोलणे ठरलेले आहे. मी अर्धवर्तुळाच्या मागे उभा होतो, कानात यंत्र घालून. तिने दोर सांगितला, पोहरा सांगितला, एका बाईचा पोहरा बुडाला आणि ती आठ दिवस कोणाशी बोलली नाही ते सांगितले. लोक हसले. मग ती म्हणाली, की एका माणसाने चिठ्ठीवर प्रश्न दिला आहे. तिने ती काढली, उघडली आणि मोठ्याने वाचली. पाणी चैत्रात अठरा हात खाली जाई, आणि वैशाखात कळशीत नुसता गाळ येई. म्हणून मुली पहाटे चारला रांग लावत, आणि आपला नंबर कधी चुकला नाही, असे तिने सांगितले. सांगताना ती मुलीकडे पाहत होती.

आवाज माझ्या अगदी कानात होता. तो आणखी चाळीस कानांत होता. चैत्रात अठरा हात, हे मी डायरीत उतरवून घेतले, चुकांच्या यादीच्या मागच्या पानावर.